गणवेशाच्या शर्टाचा टेक पॅक: कारखान्याला नेमकं काय लिहून द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याकडच्या एका शाळेचे गणवेश तुम्ही आजवर स्वतःच्या छोट्या युनिटमध्ये शिवून देत आलात. यंदा ऑर्डर ११०० शर्टांवर गेली. निळ्या-पांढऱ्या बारीक चेक्सचा हाफ शर्ट, साइज २४ ते ४०, डाव्या खिशावर शाळेचा लोगो. एवढं काम आपल्या मशीनवर निघणार नाही म्हणून सोलापूरच्या एका कारखान्याशी बोललात. त्यांनी नमुन्याचा शर्ट ठेवून घेतला आणि टेक पॅक मागितला, म्हणजे शर्टाची चित्रं, मापं, कापड आणि शिलाई यांची लेखी माहिती. नेटवर मिळालेले फॉरमॅट पंचवीस-तीस पानांचे निघाले आणि त्यातलं आपल्याला नेमकं किती लागतं, हे कळेना.

आठ-दहा पानं पुरतात. पानं किती यापेक्षा एक गोष्ट पक्की धरा: जे तुम्ही लिहीत नाही, ते कारखाना आपल्या सवयीने करतो. ती सवय वाईट नसते, पण ती त्यांच्या आधीच्या गिऱ्हाइकाच्या मालावर बसलेली असते. सोलापुरात गणवेशाचं काम मोठं आहे, तिथल्या मास्तरांनी तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त शर्ट कापलेले आहेत. त्यांना शर्ट कसा शिवायचा ते शिकवायला जाऊ नका. तुमचा शर्ट इतरांच्या शर्टापेक्षा जिथे जिथे वेगळा आहे आणि जिथे दोन अर्थ निघू शकतात, तिथे लिहा. नमुन्याचा शर्ट सोबत द्याच, पण नुसत्या शर्टावर काम सोडू नका. शर्टाकडे पाहून मास्तरांना हे कळत नाही की त्यातली कोणती गोष्ट तुम्ही मुद्दाम केली आहे आणि कोणती तशीच झाली आहे.

पहिल्या पानावर शर्टाचं सपाट रेखाचित्र द्या, पुढून आणि मागून. फॅशन मासिकातल्यासारखं अंगावर घातलेलं चित्र नको. टेबलावर पसरलेला शर्ट दिसतो तसं, शिवणी आणि टिपा दिसतील असं. हाताने काढलं तरी चालतं, पण बटणं मोजून तितकीच काढा, योकची (खांद्यावरच्या जोडपट्टीची) रेघ जिथे आहे तिथेच दाखवा. चित्रात सहा बटणं आणि तक्त्यात सात, असं झालं की शिलाईच्या लाइनवर, म्हणजे मशीनच्या रांगेत, चित्र जिंकतं. सोलापूरच्या कारखान्यांत मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी सगळ्या भाषा बोलणारे लोक एका लाइनवर बसतात. तुमचा सुंदर मराठी किंवा इंग्रजी परिच्छेद मशीनपर्यंत पोचत नाही. बाण आणि आकडा पोचतो. कॉलर, खिसा, बाहीचं टोक आणि बटणपट्टी यांची मोठी चित्रं दुसऱ्या पानावर वेगळी काढा, आणि प्रत्येक टीप काठापासून किती अंतरावर हवी ते बाणाने दाखवा. कॉलरवर काठापासून पाव इंच, खिशाला अगदी काठावर, असं.

आता मापांचा तक्ता. टेक पॅकचा जीव इथे असतो, म्हणून इथे जास्त वेळ थांबते.

सगळ्यात आधी हे ठरवा की '३२ नंबर' म्हणजे काय. मुलाची छाती ३२ की शर्टाची? गणवेशाच्या धंद्यात दोन्ही पद्धती चालतात आणि दोन्ही बाजूंना आपलीच पद्धत सगळ्यांची आहे असं वाटत असतं. तक्त्यात दोन ओळी ठेवा: एक अंगाची छाती, एक तयार शर्टाची छाती. अंगाला ३२ आणि सैलपणा ५ इंच धरला तर तयार शर्टाचा घेर ३७, म्हणजे सपाट ठेवून अर्धं माप १८½. प्रत्येक मापाची ओळ अशी लिहा:

छाती: मुंढ्याच्या (बाही जोडली जाते त्या गोलाईच्या) टोकाखाली १ इंचावर, बटणं लावून, सपाट, शिवणीपासून शिवणीपर्यंत. साइज ३२: १८½ इंच, ± ¼.

लांबी: खांद्याच्या सर्वांत वरच्या टोकापासून, कॉलरच्या शिवणीलगत, सरळ शर्टाच्या खालच्या काठापर्यंत. साइज ३२: २५ इंच, ± ¼.

'लांबी २५' एवढंच लिहिलंत तर कोणी ती मागे कॉलरच्या मधल्या शिवणीपासून मोजेल, कोणी खांद्यापासून. दोन्हींत अर्धा-पाऊण इंचाचा फरक सहज पडतो, आणि मुलाने शर्ट खोचला की तो फरक वर्गात दिसतो. छातीचंही तसंच. कोणी मुंढ्याच्या टोकावर टेप ठेवतो, कोणी खाली. प्रत्येक माप कुठून कुठे ते चित्रावर अ, ब, क अशा अक्षरांनी दाखवा आणि तक्त्यात तीच अक्षरं वापरा.

आकडे लिहिताना दशांश टाळा. सव्वासतरा, साडेसतरा हे अपूर्णांकात लिहा: १७¼, १७½. एका इंचाचे आठ सूत धरून मोजणारे मास्तर १७.५ हा आकडा 'सतरा इंच पाच सूत' असाही वाचू शकतात. साडेसतरा म्हणजे सतरा इंच चार सूत. कापडाचे शंभर थर एकावर एक पसरून एकदम कापले की एका सुताची चूक शंभर शर्टांत जाते. सेंटिमीटर वापरणार असाल तर पूर्ण पॅक सेंटिमीटरमध्ये करा, अर्धं-अर्धं नको. आणि तुम्ही जी टेप वापरता त्याच कंपनीची नवी टेप कारखान्यालाही द्या. जुन्या टेपा वापरून वापरून ताणलेल्या असतात.

टॉलरन्स, म्हणजे माप किती इकडे-तिकडे चालेल, हे अनेक जण नेटवरच्या तक्त्यातून जसंच्या तसं उचलतात. तुमच्या साइजच्या पायरीशी ते ताडून बघा. ३० नंबरची अर्धी छाती १७½ आणि ३२ ची १८½. टॉलरन्स अर्धा इंच ठेवला तर मोठ्यात मोठा ३० नंबर १८ भरतो आणि लहानात लहान ३२ नंबरही १८. दोन वेगळ्या लेबलांचे शर्ट एकाच मापाचे, आणि तरीही दोन्ही नियमात पास! मग दुकानात आई म्हणते, 'अहो, मागच्या वर्षीचा ३० आणि हा ३२ सारखाच आहे,' तेव्हा तिचं बरोबर असतं. अर्ध्या मापावर पाव इंच ठेवा. खिशाची जागा आणि कॉलरची टोकं यांना एक सूत. शर्टाच्या खालच्या घेराला, बाहीच्या लांबीला पाव इंच चालतो.

साइज वाढवताना सगळी मापं एकाच पावलाने वाढवू नका. छाती दोन-दोन इंचांनी वाढते म्हणून खांदा, बाही, लांबी त्या हिशोबाने वाढत नाहीत. कागदावर सूत्र लावण्यापेक्षा शाळेत जाऊन मुलं मोजा. निफ्टने (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने) हाती घेतलेलं 'इंडियासाइज' हे देशव्यापी सर्वेक्षण १५ ते ६५ वयोगटासाठी आहे, म्हणजे पहिली ते नववीच्या मुलांसाठी त्याचा तुम्हाला उपयोग नाही. प्रत्येक इयत्तेतली काही उंच, काही बुटकी, काही जाडसर मुलं-मुली घ्या. छाती, पाठीची लांबी आणि खांदा एवढी तीन मापं पुरतात. शिक्षक हौसेने मदत करतात.

खिशाकडे खास लक्ष द्या. एकाच मापाचा खिसा २४ ला आणि ४० ला लावला तर लहान मुलाच्या छातीवर पोतं दिसतं आणि मोठ्या मुलाच्या शर्टावर तिकीट. तीन गट करा: २४ ते २८, ३० ते ३४, ३६ ते ४०. प्रत्येक गटाला खिशाची रुंदी-उंची वेगळी. लोगोचं माप मात्र बहुतेक शाळांना एकच हवं असतं, तेव्हा सर्वांत लहान खिशावर लोगोच्या दोन्ही बाजूंना निदान अर्धा इंच मोकळा राहतो का, हे कागदावर काढून बघा. खिशाची जागा खांद्याच्या वरच्या टोकापासून खाली आणि बटणपट्टीच्या मध्यापासून बाजूला, अशा दोन मापांनी बांधा. मुंढ्यापासून मोजली तर साइजगणिक मुंढा खाली सरकतो आणि त्याच्याबरोबर खिसाही. भरतकाम खिसा शर्टाला लावण्याआधी होणार की नंतर तेही लिहा. आधी केलं तर मागची भरताची पट्टी खिशाच्या आत झाकली जाते आणि मुलाच्या छातीला टोचत नाही. मी नेहमी आधीच करायला सांगते.

चेक्सचं कापड असल्यामुळे तुमच्या पॅकमध्ये एक पान जास्त लागेल, आणि दरही त्यावरच हलेल. चेक्स कुठे जुळायला हवेत? 'सगळीकडे' असं लिहू नका, कारण सगळीकडे जुळवायचं तर कापड बरंच वाया जातं आणि कारखाना तसं करणारही नाही. माझ्या मते शाळेच्या शर्टात दोन जागा हव्यातच: पुढचे दोन भाग बटणं लावल्यावर आडव्या रेषेत, आणि खिसा त्याच्या खालच्या कापडाशी उभा-आडवा दोन्ही. कॉलरची दोन टोकं एकमेकांच्या आरशासारखी असावीत. बाजूच्या शिवणी, बाही, योक इथे जुळणं मागू नका. फरक एक सुतापर्यंत चालेल, असा आकडा द्या. काही ठिकाणी खिसा मुद्दाम तिरक्या विणीत कापून लावतात म्हणजे जुळवायचा प्रश्नच मिटतो. दिसायला बरा दिसतो, पण तिरकं कापड धुण्यात ताणतं आणि त्यात वह्या-पेनं कोंबणारी मुलं असतात. म्हणून 'खिसा सरळ विणीत' असं स्पष्ट लिहा.

कापडाचं पान छोटं पण नेमकं ठेवा. पॉली-कॉटन ६७/३३, वजन किती जीएसएम (एका चौरस मीटरला किती ग्रॅम), पन्हा म्हणजे कापडाची रुंदी किती इंच, चेक्सचा एक घास, म्हणजे एक पूर्ण चौकट, मापाने किती सूत. ताण्या-बाण्याचा काउंट (उभ्या-आडव्या धाग्यांच्या जाडीचा नंबर) माहीत असेल तर तोही. सूत रंगवून विणलेल्या चेक्सला रंगपत्रिकेतला एक नंबर देऊन भागत नाही, म्हणून मान्य केलेल्या कापडाचा तुकडा पॅकला शिवा. त्यावर तारीख आणि सही. दुसरा तसाच तुकडा अंधारात, पाकिटात स्वतःकडे ठेवा. पुढच्या वर्षी त्याच शाळेतल्या जुन्या आणि नव्या मुलांचे शर्ट एका प्रार्थनेच्या रांगेत येणार आहेत, तेव्हा तो तुकडा सोन्यासारखा आहे. रंग तपासायचा तो दिवसाच्या उजेडात आणि ट्यूबखाली, दोन्हीकडे. काही रंग एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात फाटतात.

आकसण्याची चाचणी घरी होते. कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन न पुसणाऱ्या पेनाने आखा, घरी धुता तसं तीनदा धुऊन वाळवा, इस्त्री करून मोजा. उभं ४९ भरलं तर २ टक्के आकसतं. मग धुतल्यावर लांबी २५ हवी असेल तर २५ ला ०.९८ ने भागा: पॅटर्न साधारण २५½ चा लागेल. तक्त्याच्या डोक्यावर ठळक लिहा, 'ही मापं धुतल्यानंतरची' किंवा 'धुण्याआधीची'. हे एक वाक्य राहिलं की पुढची सगळी मापं हवेत. पॉली-कॉटन शुद्ध सुतीपेक्षा कमी आकसतं, पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि दर ताक्यागणिक थोडं बदलतं.

कॉलरच्या बक्रमचीही, म्हणजे ती ताठ ठेवणाऱ्या आतल्या थराचीही, हीच गोष्ट. कापड आणि बक्रम वेगवेगळं आकसले की पाचव्या धुण्यानंतर कॉलरवर फोड येतात. बक्रमचं नाव-नंबर लिहा, चिकटवण्याचं तापमान आणि वेळ बक्रमच्या कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठेवायला सांगा, आणि मंजुरीच्या सॅम्पलची कॉलर पाच वेळा धुऊन बघितल्याशिवाय सही करू नका.

शिलाईच्या पानावर आंतरराष्ट्रीय नंबर वापरले तर वाद राहत नाही. टाक्यांचे प्रकार आयएसओ ४९१५ मध्ये ठरलेले आहेत. साधी लॉकस्टिच (वरचा आणि खालचा धागा एकमेकांत अडकवणारी टीप) ३०१, चार धाग्यांचं ओव्हरलॉक (कड बांधणारी शिलाई) ५१४, पाच धाग्यांचं ५१६. बाजू आणि मुंढ्याला ५१६ मागा. शाळेच्या मुलांच्या धसमुसळेपणाला ते टिकतं. एका इंचात १२ टाके, सुई ११ नंबर, धागा १२० तिकीट (धाग्याच्या जाडीचा नंबर) पॉलिस्टर. खिशाच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांना त्रिकोणी पक्की टीप, तीही चित्रात. पाच धाग्यांचं मशीन कापडाची कड कापत जातं, त्यामुळे आत सोडायला मार्जिन उरत नाही. मुलींच्या पिनोफोरसारखा कपडा पुढे कधी द्याल तेव्हा खाली अडीच-तीन इंचांची दुमड सोडायला जरूर लिहा, म्हणजे आई पुढच्या वर्षी ती उसवून लांबी वाढवू शकते. घरात दोन-तीन मुलं शाळेत असतील तर या दुमडीची किंमत फार मोठी आहे.

बटणांबद्दल माझा आग्रह आहे. बटणाचं माप लाइनमध्ये असतं, ४० लाइन म्हणजे एक इंच. शर्टाला १८ लाइन, चार भोकांचं. पण माप नीट असूनही बटणं गळतात, कारण बरीच बटण मशीनं एकाच धाग्याच्या साखळी टाक्याने बटण लावतात. शेवटचं टोक ओढलं गेलं की सगळा धागा सरकन उसवतो. 'बटण लॉकस्टिच मशीनवर' एवढे शब्द लिहा. कारखान्याकडे ते मशीन नसेल तर ते तसं सांगतील आणि मग साखळी टाक्यावर जास्त टाके घेऊन टोक पक्कं करण्याचं बोलता येईल. एक जादा बटण बाजूच्या शिवणीत, धुण्याच्या लेबलवर. लहान मुलांचा माल आहे, म्हणून तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे सापडल्याशिवाय त्या मशीनवरचा माल पुढे जाणार नाही, ही अटही इथेच घाला.

साइज लेबल, कापडातल्या धाग्यांचं प्रमाण आणि धुण्याच्या खुणा शर्टावर हव्यात. पिशवीवरची एमआरपी, उत्पादकाचं किंवा पॅकरचं नाव-पत्ता, महिना-वर्ष हा कायद्याचा भाग आहे. पॅकबंद मालासाठी २०११ चे वैधमापन नियम लागू होतात. लेबलचा मजकूर तुम्हीच टाइप करून द्या, कारखान्यावर सोडू नका. एका पेटीत एकच साइज, पेटीवर बाहेरून साइज आणि नग. इतकं पॅकिंगला पुरे.

शेवटची तपासणी कशी होणार हे आधी ठरलं नाही तर माल तयार झाल्यावर भांडण ठरलेलं. आयएसओ २८५९ च्या, म्हणजे लॉटमधून काही नग उचलून तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यात, सर्वसाधारण पातळी २ ला, ५०१ ते १२०० नगांच्या लॉटसाठी ८० नग उचलून तपासतात. एक्यूएल (किती दोष चालतील याची मर्यादा) २.५ ठेवलं तर ५ सदोष नगांपर्यंत लॉट पास, ६ झाले की नापास. तुमच्या ११०० ला हाच खाना लागतो. मात्र 'सदोष' म्हणजे काय ते पॅकमध्ये लिहा: चुकीचं साइज लेबल, उसवलेली शिवण, नसलेलं बटण, तिरका लोगो, एका सुताच्या पुढे न जुळलेले चेक्स, टॉलरन्सबाहेरचं माप. लोंबणारा धागा हा लहान दोष, तो वेगळा मोजा. हे ८० नग सगळ्या साइजमधून उचलायचे, वरच्या पेटीतून नाही.

सॅम्पलचे टप्पे तीन ठेवा. आधी ३२ नंबर, मिळेल त्या तशाच कापडात, फक्त बसण्यासाठी. तो एका खऱ्या मुलाच्या अंगावर घालून, हात वर करायला लावून बघा. मग २४, ३२, ४० असा संच. मग खऱ्या कापडात, खऱ्या लोगोसह, खऱ्या बटणांसह शेवटचं सॅम्पल, आणि त्याच्यावर सही झाल्याशिवाय कटिंग नाही. सही केलेले दोन नग करा, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. दर सॅम्पलनंतर जे बदल झाले ते व्हॉट्सॲपवर न ठेवता पॅकमध्ये घाला, प्रत्येक पानावर आवृत्तीचा नंबर आणि तारीख बदला, जुनी पानं कारखान्यातून परत मागवा किंवा फाडायला सांगा. लाइनवर दोन आवृत्त्या फिरत असल्या की कुठली खरी हे कोणालाच माहीत नसतं. फोनवर ठरलेली गोष्टही त्याच दिवशी त्या पानावर आली पाहिजे. मास्तर सुट्टीवर जातात, सुपरवायझर बदलतात.

वेळ कमी असेल तर या क्रमाने लागा: मुलांची मापं आणि तक्ता, मान्य कापडाचा तुकडा, खिसा-लोगोचं पान, मग शिलाई आणि बटणं. तेवढ्यावर दोन कारखान्यांकडून दर मागवता येतो, आणि दोघांनाही तोच पॅक दिलेला असल्यामुळे दरांची तुलना खरी होते. एकाने ५१६ धरलं आणि दुसऱ्याने साधं ओव्हरलॉक, असा फसवा फरक मग राहत नाही. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. सूत रंगवून चेक्स विणायला गेलात तर कापडालाच कित्येक आठवडे जातात, तेव्हा पॅक डिसेंबर-जानेवारीत तयार हवा. कापड तयार ताक्यातून घेणार असाल तर फेब्रुवारीपर्यंत चालेल, पण मग सगळे ताके एकाच रंगाच्या लॉटचे आहेत का ते कटिंगआधी स्वतः जाऊन बघा.